आशियातलं पोलाद : मागणी, उत्पादन आणि भाव यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड जिल्ह्यात आमचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. शेड, जिने, टाक्यांचे स्टँड, कारखान्यांचे प्लॅटफॉर्म अशी कामं आम्ही करतो. माल कळंबोलीच्या लोखंड बाजारातून येतो. घर बांधणारे नातेवाईक, गोठ्याची शेड घालणारे शेतकरी, अर्थशास्त्राचा प्रकल्प करणारी कॉलेजची मुलं, सगळे एकच विचारतात: लोखंडाचा भाव असा वरखाली का होतो? उत्तर द्यायला घेतलं की चीन, कोरिया, ऑस्ट्रेलिया सगळं फिरून यावं लागतं. म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. माझं म्हणणं थोडक्यात असं, की कोणता देश किती पोलाद काढतो यापेक्षा ते कुणाला हवंय, हे आधी बघावं. भाव तिथे ठरतो.

बातम्यांत ‘कच्चं पोलाद’ आणि ‘तयार पोलाद’ असे वेगवेगळे आकडे का येतात?

भट्टीतून निघून पहिल्यांदा घट्ट झालेलं पोलाद म्हणजे कच्चं पोलाद: स्लॅब, बिलेट, इंगट असे ठोकळे. ते रोलिंग मिलमधून काढलं की सळई, अँगल, चॅनल, पत्रा, कॉइल बनते. ते तयार पोलाद. देशांची क्रमवारी बहुतेक वेळा कच्च्या पोलादावर लावतात, तर वापर तयार पोलादात मोजतात. मधे थोडी घट येते, म्हणून हे दोन आकडे एकमेकांतून थेट वजा करू नयेत. दुसरा घोटाळा वर्षाचा. जागतिक आकडे जानेवारी ते डिसेंबरचे असतात, आपल्या सरकारचे एप्रिल ते मार्चचे.

जगाच्या पोलादात आशियाचा वाटा किती?

जगात २०२४ मध्ये सुमारे १८८ कोटी टन कच्चं पोलाद निघालं. चारातले जवळजवळ तीन टन आशियातले. एकट्या चीनचे १००.५ कोटी टन, म्हणजे निम्म्याहून जास्त. त्यानंतर भारत सुमारे १५ कोटी, जपान ८.४ कोटी आणि दक्षिण कोरिया ६.३ कोटींच्या थोडं वर. भारताने जपानला २०१८ मध्ये मागे टाकलं.

ही यादी वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरली पाहिजे. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात जवळपास सातपटीचं अंतर आहे. ‘भारत जगात दुसरा’ हे खरं आहे आणि मला त्याचा अभिमानही आहे, पण बाजारात त्या दुसऱ्या क्रमांकाचा जोर अजून तेवढा चालत नाही. चीनने आपल्या उत्पादनाचा दहावा हिस्सा बाहेर विकायला काढला, तरी तो भारताच्या वर्षभराच्या उत्पादनाच्या दोन तृतीयांश भरतो.

चीन एवढा पुढे गेला कसा?

पहिला प्रयत्न भयंकर फसला. १९५८ मध्ये गावोगावी परसदारी भट्ट्या पेटवून पोलाद काढायची मोहीम निघाली. लोकांनी घरातली भांडी आणि शेतीची अवजारं वितळवली. निघालेलं लोखंड बहुतेक निरुपयोगी होतं. पिकं शेतात राहिली, धान्याचे आकडे फुगवले गेले, आणि पुढच्या दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली. पोलादाच्या आकड्यांच्या मागे धावण्याची एवढी मोठी किंमत दुसऱ्या कुठल्या देशाने मोजली नसेल.

दुसरी सुरुवात शिस्तीत झाली. ऑक्टोबर १९७८ मध्ये चीनचे नेते डेंग शिआओपिंग यांनी जपानमध्ये निप्पॉन स्टीलचा किमित्सू कारखाना पाहिला. त्याच डिसेंबरात शांघायजवळ बाओशानला नव्या कारखान्याचं काम सुरू झालं, जपानी तंत्र घेऊन आणि समुद्राच्या तोंडाशी, म्हणजे परदेशी खनिज थेट जहाजाने उतरवता येईल. १९९६ मध्ये चीनने दहा कोटी टनांचा टप्पा ओलांडून जपानला मागे टाकलं.

खरी उडी त्यानंतरची. साल २००० मध्ये १३ कोटी टनांच्या आत असलेलं उत्पादन २०१० मध्ये सुमारे ६४ कोटींवर आणि २०२० मध्ये १०६ कोटींच्या वर गेलं. कोट्यवधी लोक खेड्यांतून शहरांत आले. त्यांच्यासाठी इमारती, मेट्रो, पूल, धरणं, बंदरं, वेगवान रेल्वे असं सगळं एकाच पिढीत उभं राहिलं. मागणी घरातच होती. भट्ट्या तिच्या मागे धावत होत्या.

मग आता तिथे काय बिघडलं?

घरं बांधून झाली. चीनमधल्या पोलादाचा मोठा वाटा, ढोबळमानाने तिसरा हिस्सा, घरबांधणीत जात होता. सरकारने २०२० मध्ये बिल्डरांच्या कर्जावर मर्यादा घातल्या, २०२१ मध्ये एव्हरग्रांद या बड्या बिल्डर कंपनीची देणी थकली आणि नवी बांधकामं सुरू होणं झपाट्याने कमी झालं. मोटारी, जहाजं, यंत्रं यांची मागणी वाढली खरी, पण इमारतीच्या सळईची जागा ती भरून काढू शकत नाही.

मागणी घटली तर उत्पादन लगेच का घटत नाही, हा पुढचा प्रश्न. झोतभट्टी म्हणजे ब्लास्ट फर्नेस काही गॅसची शेगडी नव्हे. ती वर्षानुवर्षं अखंड पेटती ठेवायची असते. बंद करून पुन्हा चालू करणं फार खर्चाचं आणि जोखमीचं काम. शिवाय कारखान्यावर अख्खं शहर जगतं. हपै प्रांतातल्या तांगशानसारख्या ठिकाणी भट्टी विझवणं म्हणजे हजारो घरांच्या चुली विझवणं. स्थानिक सरकार ते सहजी होऊ देत नाही. त्यामुळे माल निघत राहतो आणि घरात खपला नाही की बंदराकडे जातो.

चीनची निर्यात २०१५ मध्ये सुमारे ११.२ कोटी टन होती. मधे ती उतरली, २०२४ मध्ये पुन्हा ११ कोटींवर गेली आणि २०२५ मध्ये त्याही पुढे, १२ कोटींच्या जवळ. त्याच २०२५ मध्ये उत्पादन मात्र सुमारे ९६ कोटी टनांवर आलं. म्हणजे भट्ट्या आता हळूहळू मंदावतायत, पण घरचा खप त्याहून वेगाने घसरतोय.

चीनचा माल स्वस्त आला तर आपल्याला चांगलंच ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. त्याची दोन्ही टोकं मी रोज बघतो.

आमच्यासारख्या वर्कशॉपला पत्रा स्वस्त मिळाला तर काम परवडतं. आम्ही कोटेशन आधी देतो आणि माल नंतर घेतो. मधल्या वीस-पंचवीस दिवसांत भाव किलोमागे चार रुपये चढला की मजुरी अंगावर पडते. २०२१ मध्ये भाव सारखे चढत होते, तेव्हा शाळेच्या एका शेडचं काम मी ठरल्या दराने पुरं केलं. त्यात सहा महिन्यांची कमाई गेली. शब्द दिला होता, म्हणून केलं. त्यामुळे ‘आयात बंद करा’ ही घोषणा ऐकली की मला आधी माझ्यासारखे वर्कशॉपवाले आठवतात.

पण दुसरी बाजूही खरी आहे. ज्या भावात माल बनतच नाही त्या भावात तो सतत येत राहिला, तर इथली गुंतवणूक थांबते आणि छोटी मिल आधी बंद पडते. २०२३-२४ मध्ये भारत तयार पोलादाचा निव्वळ आयातदार झाला. निर्यातीपेक्षा आयात जास्त. २०२४-२५ मध्ये आयात ९५ लाख टनांच्या घरात गेली. तिच्यात चीनइतकाच दक्षिण कोरियाचा आणि जपानचाही माल असतो, कारण त्या दोन देशांशी असलेल्या करारांमुळे त्यांच्या मालाला सीमाशुल्कात सवलत मिळते. हे बातम्यांत फारसं येत नाही.

सरकारने २१ एप्रिल २०२५ पासून आयात होणाऱ्या काही सपाट मालावर, म्हणजे कॉइल, प्लेट, पत्रा यांवर, आधी २०० दिवसांसाठी १२ टक्के सुरक्षा शुल्क लावलं. नंतर ते दरवर्षी थोडं उतरत जाईल अशा रीतीने तीन वर्षांसाठी कायम केलं. शुल्क लावण्याला माझा विरोध नाही. माझी मागणी एवढीच, की मोठ्या कारखान्याला कुंपण घालताना त्याच मालावर जगणाऱ्या हजारो लहान उद्योगांनाही काही आधार मिळावा. भावाची आगाऊ खात्री, लहान ऑर्डरला मोठ्यांच्या जवळपासचा दर, वेळेवर बिलाचे पैसे. पोलाद बनवणाऱ्यांपेक्षा पोलाद कापून, वाकवून, जोडून पोट भरणारी माणसं कितीतरी पट जास्त आहेत.

सरकारच्या एका निर्णयाने भाव खरंच बदलतो का?

बदलतो. मे २०२२ मध्ये भारताने पोलादाच्या बऱ्याच प्रकारांवर १५ टक्के निर्यातशुल्क लावलं. बाहेर जाणारा माल देशात राहिला आणि भाव उतरले. नोव्हेंबरात ते शुल्क काढलं. याहून जुनी आठवण वडील सांगत. १९९२ पर्यंत मोठ्या कारखान्यांच्या पोलादाचे भाव आणि वाटप सरकारच्या हातात होतं. कोटा, परमिट आणि वाट पाहणं. आजच्या चढउतारांना कंटाळलेल्यांनी तो काळ आठवून पाहावा.

भारत पुढचा चीन होणार का?

मागणीच्या वेगात आशियातल्या मोठ्या पोलाद बाजारांत भारतच आज पुढे आहे. तयार पोलादाचा वापर २०२१-२२ मध्ये १०.६ कोटी टन होता, तो २०२४-२५ मध्ये १५.२ कोटींवर गेला. तीन वर्षांत चाळीस टक्क्यांहून जास्त वाढ. साठ टक्क्यांहून अधिक माल बांधकाम आणि पायाभूत कामांत जातो. शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूच्या लांब गाळ्यांना काँक्रीटऐवजी पोलादी डेक बसवले, भारतात पहिल्यांदाच. असं काम बघितलं की मन भरून येतं.

तरी ‘पुढचा चीन’ हे शब्द मला पटत नाहीत. चीनची वीस वर्षं पुन्हा तशीच घडतील अशी परिस्थिती कुठेच नाही. आपल्याकडे जमीन तशी मिळत नाही आणि मिळू नये. ओडिशात २००५ मध्ये कोरियाच्या पोस्कोने १.२ कोटी टनांच्या कारखान्याचा करार केला होता. स्थानिकांचा विरोध, खनिजाचे आणि वनजमिनीचे प्रश्न यांत बारा वर्षं गेली आणि २०१७ मध्ये कंपनीने माघार घेतली. त्याच २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणात २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन क्षमतेचं लक्ष्य आहे. क्षमता आता २० कोटी टनांवर आली आहे. उरलेल्या वर्षांत ते गाठणं अवघड आहे, पण अर्धा मार्ग जरी झाला तरी आशियाचा नकाशा बदलेल.

आणि आपली घडणही वेगळी आहे. चीनमध्ये दहातलं सुमारे नऊ टन पोलाद मोठ्या झोतभट्ट्यांच्या मार्गाने निघतं. आपल्याकडे निम्म्याहून जास्त पोलाद विजेच्या भट्ट्यांतून येतं, आणि त्यातला मोठा भाग लहान-मध्यम कारखान्यांच्या इंडक्शन भट्ट्यांचा, स्पंज आयर्न (खनिज न वितळवता बनवलेलं सच्छिद्र लोखंड) आणि भंगार वितळवून. स्पंज आयर्न बनवण्यात भारत जगात पहिला आहे.

दरडोई वापर म्हणजे काय? कोरियन माणूस इतकं लोखंड काय करतो?

देशात वापरलेलं तयार पोलाद भागिले लोकसंख्या. भारतात ते नुकतंच १०० किलोच्या वर गेलं. जगाची सरासरी सुमारे २२० किलो, चीनमध्ये सहाशेच्या आसपास, दक्षिण कोरियात हजाराच्या घरात. कोरियन कुटुंब काही दहापट सळया घरात घालत नाही. तिथे ते पोलाद जहाजं आणि मोटारी होऊन परदेशी जातं, पण मोजलं जातं कोरियाच्या नावावर.

जपान आणि कोरिया आता मागे पडले का?

टनांमध्ये, हो. जपानचं उत्पादन १९७३ मध्येच बारा कोटी टनांना टेकलं होतं. लोकसंख्या घटतेय, घरचा खप कमी होतोय. पण मोटारीचा उच्च ताकदीचा पत्रा, ट्रान्सफॉर्मरचं विद्युत पोलाद, अशा अवघड मालात त्यांची पकड कायम आहे. निप्पॉन स्टीलने मग बाजारच बाहेर शोधला: २०१९ मध्ये आर्सेलर मित्तलबरोबर गुजरातमधला हजिऱ्याचा कारखाना, २०२५ मध्ये अमेरिकेची यू. एस. स्टील.

कोरियाची गोष्ट मला जास्त भावते. पोस्को १९६८ मध्ये स्थापन झाली. कारखान्यात जपानकडून जुन्या जपानी राजवटीची नुकसानभरपाई म्हणून आलेला पैसा होता. पोस्कोचे संस्थापक पाक ते-जून आपल्या माणसांना सांगत, हा पूर्वजांच्या रक्ताचा पैसा आहे, वाया गेला तर समुद्रात उडी घ्यावी लागेल. जून १९७३ मध्ये पोहांगच्या भट्टीतून पहिलं वितळलेलं लोखंड वाहिलं. त्याच पोस्कोचा गॅल्व्हनाइज्ड आणि कोल्ड रोल्ड पत्र्याचा कारखाना आमच्या रायगडात माणगावजवळ, विळे-भागाड औद्योगिक क्षेत्रात आहे.

व्हिएतनाम आणि इंडोनेशियाची नावं आता का ऐकू येतात?

मागणी तिथेही वाढतेय आणि चिनी भांडवल तिथे आलंय. इंडोनेशियाने कच्च्या निकेल खनिजाची निर्यात आधी २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२० पासून बंद केली, त्यामुळे सुलावेसी बेटावर मोरोवालीत निकेल आणि स्टेनलेसचे प्रचंड कारखाने उभे राहिले. आपल्या स्वयंपाकघरातल्या स्टेनलेसच्या भांड्यांचा भाव आता तिथल्या निकेलवरही ठरतो. व्हिएतनाममध्ये २०१६ साली ‘हा तिन्ह’ नावाच्या प्रांतातल्या फॉर्मोसा कंपनीच्या पोलाद कारखान्यातून विषारी पाणी समुद्रात गेलं, किनाऱ्यावर मेलेल्या माशांचे ढीग लागले, आणि कंपनीला ५० कोटी डॉलर भरपाई द्यावी लागली. कोकणात मोठ्या प्रकल्पांची चर्चा निघते तेव्हा ही घटना आपल्या मच्छीमारांना माहीत असायला हवी.

आपल्याकडे खनिज भरपूर, मग पोलाद स्वस्त का नाही?

कारण झोतभट्टीला खनिजाइतकाच कोळसाही लागतो, आणि तो साधा नव्हे, कोकिंग कोळसा, म्हणजे ज्याचा भट्टीसाठी कोक बनतो असा. एक टन कच्च्या पोलादासाठी या मार्गाने सुमारे १.४ टन लोहखनिज आणि ०.८ टनाच्या जवळ कोळसा जातो. आपला कोळसा राखेने भरलेला, म्हणून कोकिंग कोळशाची ८५ ते ९० टक्के गरज आयातीतून भागते, बरीचशी ऑस्ट्रेलियातून. क्वीन्सलँडच्या खाणींत पूर आला की त्याची झळ भारतातल्या कारखान्यांना बसते.

खनिजाची गोष्ट गोव्याने भोगली आहे. गोव्याचं खनिज हलक्या प्रतीचं, पोर्तुगीज काळापासून जपानला जायचं. २००० नंतर चीनची भूक वाढली आणि मांडवी-जुवारीतून बार्जची रांग लागली. २०१०-११ च्या सुमारास निर्यात पाच कोटी टनांच्या घरात होती. बेकायदा खाणींमुळे २०१२ मध्ये सगळं थांबलं, पुढे मर्यादा घालून परवानगी मिळाली, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले. ट्रक-बार्जवाल्यांचे हप्ते थकले, तर दुसरीकडे कित्येक शेतांत आणि विहिरींत खाणीची माती आधीच उतरलेली होती. परदेशातल्या मागणीवर अख्खा तालुका उभा करणं किती धोक्याचं, हे डिचोली-सांग्यात जाऊन विचारावं.

महाराष्ट्र या सगळ्यात कुठे आहे?

इतिहासात थोडक्यात हुकला. जमशेदजी टाटांनी १८८२ मध्ये चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या खनिजाविषयी एक अहवाल वाचला आणि पोलादाचं स्वप्न तिथून सुरू झालं. खनिज चांगलं होतं, पण वरोऱ्याचा कोळसा कोक होण्याजोगा नव्हता. पुढे त्यांचे पुत्र दोराबजी यांना नागपूरच्या संग्रहालयातल्या भूगर्भ नकाशाने दुर्ग जिल्ह्यातल्या डोंगरांकडे नेलं, मग भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांच्या पत्राने मयूरभंजकडे, आणि कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला झाला. पहिला इंगट १९१२ मध्ये निघाला.

आज डोलवीला धरमतर खाडीकाठी मोठा कारखाना आहे. जालना सळईसाठी राज्यभर ओळखलं जातं. भंगार आणि स्पंज वितळवून बिलेट, बिलेटची सळई. आणि गडचिरोलीत सूरजागडचं खनिज निघतंय, कोनसरीला कारखाना उभा राहिलाय. तिथल्या माडिया तरुणांना ट्रकच्या धुळीपलीकडे पक्की नोकरी, हुनर आणि आपल्या जंगलाविषयी बोलायचा हक्क मिळावा, असं मला मनापासून वाटतं.

इंडक्शन भट्टीची सळई वाईट असते का?

सरसकट नाही. चीनने २०१७ मध्ये सुमारे १४ कोटी टनांच्या बेकायदा इंडक्शन भट्ट्या बंद केल्या, म्हणून ही शंका येते. या भट्टीत धातू वितळतो, पण शुद्धीकरण फारसं होत नाही. भट्टीत घातलेल्या मालातच गंधक-फॉस्फरस जास्त असेल तर ते सळईतही राहतं. म्हणजे सगळं कच्च्या मालाच्या निवडीवर आणि चाचणीवर आहे. सळईवर आयएसआयची खूण आणि आयएस १७८६ हा क्रमांक बघा, एफई ५००डी सारखी प्रत बघा, टेस्ट सर्टिफिकेट मागा. न लाजता मागा.

‘हरित पोलाद’ म्हणजे काय?

कमी कार्बन सोडून बनवलेलं. भारतात एक टन पोलादामागे सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने व्याख्या ठरवली: २.२ टनांखाली असेल तर हरित, आणि जितकं कमी तितके जास्त तारे. युरोपने १ जानेवारी २०२६ पासून आयातीवर कार्बनचा हिशेब लागू केलाय. आपल्या कामापर्यंत हे पोचायला वेळ आहे, निर्यातदारांच्या दारात मात्र आलंय.

घर बांधतोय. लोखंड कधी आणि कसं घ्यावं?

पावसाळ्यात कामं मंदावतात, म्हणून जुलै ते सप्टेंबर भाव बहुतेक नरम असतो. दिवाळीनंतर मागणी उठते. पण दोन रुपयांसाठी सहा महिने आधी माल आणून गंजवू नका. स्लॅबपुरता घ्या, फळ्यांवर उंच ठेवा, ताडपत्रीने झाका.

वजनाचा हिशेब स्वतः करा. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा. मीटरमागे किलो मिळतात. १२ मिमीची बारा मीटर सळई १०.६७ किलो भरते, १० मिमीची ७.४ किलो. १२ मिमीला पाच टक्के आणि १० मिमीपर्यंत सात टक्के कमीजास्त चालतं, त्याहून हलकी निघाली तर परत करा. नगावर घेत असाल तर हे फारच महत्त्वाचं. गाडी रिकामी आणि भरलेली अशी दोन्ही वेळा वजनकाट्यावर न्या, आणि काट्याची पावती बिलाला टाचून ठेवा.